हॅलोवीनचा भोपळा कोकणात दोन दिवसांत का पाझरतो, आणि त्यावर उपाय

ऑक्टोबरचा शेवटचा आठवडा आला की मला एकाच अर्थाचे फोन सुरू होतात. "ताई, परवा मांडलेला भोपळा खालून पाणी सोडतोय, उद्या पाहुणे येणार, काय करू?" गुहागरहून येतात, वेळणेश्वरहून येतात, हल्ली दापोलीकडूनही यायला लागलेत. ३१ ऑक्टोबरच्या रात्री मुंबई-पुण्याची मंडळी मुलाबाळांसह समुद्रकाठच्या घरगुती निवासांत उतरतात आणि अंगणात हॅलोवीनची, म्हणजे त्या रात्रीच्या भुताखेतांच्या पाश्चात्त्य सणाची, सजावट मागतात. माझी लहानशी रोपवाटिका आहे. रोपं मी पुरवते, त्यामुळे भोपळ्यांची जबाबदारीही माझ्याकडेच येते. पाच वर्षांत मी बरेच भोपळे कुजताना पाहिले. त्यातून जे समजलं ते सगळं इथे लिहिते.

पहिली गोष्ट, कुजलेला भोपळा लगेच फेकून देऊ नका. तो उलटा करा आणि पहिला डाग कुठे पडलाय ते बघा. बुडाला, देठाभोवती, कुशीवर की आतून? डागाची जागा कळली की निम्मं कारण कळलं.

डाग बुडाला असेल तर

दहापैकी सात-आठ फोन या डागाचे असतात, आणि मीही पहिली दोन वर्षं यातच फसले.

पहिल्या वर्षी अमेरिकेतल्या घरांचे फोटो बघून मांडणी केली होती. तिकडे ओटीच्या पायऱ्यांवर गवताच्या पेंढ्या आणि त्यावर केशरी भोपळे असतात. आमच्याकडे नुकतीच भातकापणी झालेली, घरचा पेंढा ढिगाने पडलेला. सारवलेल्या अंगणात तो अंथरला आणि वर अकरा भोपळे मांडले. चित्र फार सुंदर दिसत होतं. तिसऱ्या दिवशी पहाटे वास आला. एक भोपळा उचलायला गेले तर वरचा भाग हातात आला आणि बूड तिथेच राहिलं, तांबूस चिकट पाण्यात. त्याच्या आजूबाजूच्या पेंढ्यात हात घातला तर आत उबट आणि ओलं लागलं, गोठ्यात वासराच्या अंगाखाली लागतं तसं.

त्यांच्याकडचा पेंढा वाळवून, दाबून बांधलेला असतो. आपला ऑक्टोबरातला पेंढा नुकता कापलेला. त्यात पाणी असतं, दंव असतं, बुरशी असते, आणि ढीग केला की तो आतून तापतो. खाली सारवलेली जमीन किंवा जांभ्याची फरशी, तीही पावसाळाभर प्यायलेली. म्हणजे भोपळ्याचं बूड रात्रंदिवस ओल्या पोटिसावर बसलेलं.

दुसऱ्या वर्षी मी सगळा दोष उन्हाला दिला. ऑक्टोबर हीट, दुपारी ३३-३४ अंश, हवा दमट. भोपळे उचलून ओटीच्या सावलीत, कोब्यावर ठेवले. चार दिवस जास्त टिकले, मग तेच. तिसऱ्या वर्षी सासूबाईंनी माझी धावपळ बघितली आणि म्हणाल्या, "अगं, त्याला जमिनीला टेकवतेस कशाला? वर बघ जरा." वर पडवीच्या वाशांना त्यांनी गणपतीनंतर टांगलेले भोपळे, तवसं आणि एक कोहळा लोंबत होते. केळीच्या सोपटाने बांधलेले, चारी बाजूंनी मोकळे. त्याच घरात, त्याच दमट हवेत, त्याच उकाड्यात, आणि एकावरही डाग नव्हता.

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ऊन आणि दमटपणा कुजणं भराभर पुढे नेतात, पण सुरुवात करतात ते ओला स्पर्श आणि जखम. पिकलेल्या भोपळ्याची साल मेणचट आणि टणक असते. तिच्यातून बुरशी किंवा सडवणारे जिवाणू सहजी आत शिरत नाहीत. साल सतत ओली राहिली की मऊ पडते, आणि बुडाला फुलाच्या जागेचा जो वण असतो तो तर पहिल्यापासूनच कमजोर. अख्खा भोपळा साठवायला १० ते १५ अंश तापमान आणि ५० ते ७० टक्के आर्द्रता चांगली. ती हवा कोकणात ऑक्टोबरमध्ये आणायची कुठून? हवा आपल्या हातात नाही, पण भोपळा कशावर टेकलाय हे आपल्या हातात आहे.

त्यामुळे आता मी तीनच पद्धती वापरते. सगळ्यात चांगली, टांगणं. केळीचं सोपट किंवा काथ्याची दोरी घेऊन खालून अधिक चिन्हासारखी दोन फेऱ्यांची झोळी करायची आणि वाशाला बांधायचं. देठाला दोरी बांधून टांगू नका, तीन-चार किलोचं वजन देठ पेलत नाही. पडवीत वेगवेगळ्या उंचीवर पाच-सहा भोपळे टांगले की रात्री दिव्यात जे दिसतं ते पायरीवरच्या रांगेपेक्षा कितीतरी पटीने चांगलं दिसतं, हे मी खात्रीने सांगते. दुसरी पद्धत, काथ्याची चुंबळ. हंडा डोक्यावर घेताना करतो तशी, पण कापडाची नको, कापड ओल धरतं. तिसरी, नारळाची सुकी सोडणं, म्हणजे वरची काथ्याची सालं, पालथी मांडून त्यावर भोपळा. खालून वारा जातो आणि दिसायलाही कोकणचं दिसतं. पेंढा हवाच असेल तर गेल्या वर्षीचा, माळ्यावरचा कोरडा घ्या, आणि तोही भोपळ्याच्या भोवती पसरा, खाली नको.

रोज सकाळी एकदा भोपळ्याखालून हात फिरवा. बोट किंचित जरी रुतलं तर तो भोपळा त्याच दिवशी काढा. पाणी सुटलं की शेजारचे भोपळेही जातात.

देठाभोवती काळं कडं आलं तर

याची दोन कारणं असतात. एक म्हणजे भोपळा देठाला धरून उचललेला. आपल्याकडे चिपळूणच्या बाजारात बराचसा माल घाटावरून कुंभार्ली घाटाने येतो. भरताना-उतरवताना देठ मोडतात, मुळापासून हलतात. मोडलेला देठ म्हणजे उघडं दार. विकत घेताना दोन-तीन इंच देठ शाबूत असलेला, सुकून बुचासारखा झालेला भोपळाच घ्या. नख सालीत रुतता कामा नये. साल चकचकीत असेल तर तो कोवळा आहे, भाजीला न्या, सजावटीला नको.

दुसरं कारण आपण स्वतः तयार करतो. भोपळ्याच्या डोक्यावर शेवाळ चिकटवून त्यात छोटी मांसल पानांची रोपं खोचायची, ही सजावट सगळ्यांना आवडते आणि मलाही फार आवडते. पण आपण गडग्यावरचं, म्हणजे दगडी कुंपणावरचं, ओलं शेवाळ खरवडून आणतो, रोपं सुकू नयेत म्हणून वरून पाणी मारतो, आणि भोपळ्याच्या खांद्यात, देठाच्या खळग्यात ते पाणी साचतं. तीन दिवसांत कडं काळं. त्यात संध्याकाळी परतीच्या पावसाची एखादी सर आलीच तर विचारायलाच नको.

याला माझा उपाय पानफुटी. विहिरीच्या कठड्यावर, जुन्या भिंतीवर आपोआप उगवते ती. तिचं पान नुसतं तोडून ठेवलं तरी कडेच्या खाचांमधून इवली रोपं फुटतात, माती लागत नाही, पाणी लागत नाही. देठाभोवती कोरड्या काथ्याचं घरटं करा, गोंदाने दोन-तीन ठिकाणी चिकटवा, भोपळ्याला भोक पाडू नका, आणि त्यात पानफुटीचे शेंडे खोचा. दोन आठवडे पाण्याशिवाय ताजे राहतात. सोबत जांभळ्या पाठीची रिओची पानं घातली की हिरव्या-केशरीत जांभळा रंग येतो. झाडांवरची रानटी ऑर्किड, आपली सीतेची वेणी वगैरे, ओरबाडून आणू नका. ती भोपळ्यावर जगत नाहीत आणि जंगलातून मात्र कमी होतात.

वरून ठणठणीत आणि आतून पाणी

हा प्रकार सगळ्यात फसवा. बाहेर डाग नाही, पण उचलला तर आत खळखळतं, आणि कापला तर अळ्या. हे काम फळमाशीचं. भोपळा वेलावर कोवळा असतानाच ती सालीखाली अंडी घालते. टोचलेल्या जागी डिंकाचा बारीक थेंब येऊन सुकतो, मागे सुईच्या टोकाएवढा खळगा राहतो. भोपळा घेताना तो उजेडात फिरवून असे खळगे शोधा.

घरच्या वेलासाठी एक सांगते, कारण ही चूक मला दर परसात दिसते. आंब्याच्या बागेतला मिथाईल युजेनॉलचा सापळा लोक भोपळ्याच्या मांडवाला लावतात आणि मग म्हणतात उपयोग होत नाही. त्याला आंब्यावरच्या माशीचे नर येतात. वेलवर्गीय भाज्यांच्या माशीला क्यू-ल्यूर या वेगळ्या आमिषाचा सापळा लागतो. तो कृषी सेवा केंद्रात मागून घ्या, फुलं लागायच्या आधीच टांगा, आणि कीडकं फळ वेलाखाली पडू देऊ नका.

कुशीवर फिकट, मऊ पडलेला चट्टा असेल तर तो उन्हाचा चटका. गडग्यावर पश्चिमेकडे तोंड करून मांडलेल्या भोपळ्यांना तो हमखास लागतो, जांभा संध्याकाळपर्यंत तापलेला असतो. जागा बदला, इतकंच.

कोरलेला भोपळा

मुलांना कोरलेला चेहरा हवाच असतो आणि त्यांचा हट्ट मला पटतो. पण आधी एक फरक समजून घ्या. अमेरिकेत कोरायला जो भोपळा वापरतात तो वेगळ्या जातीचा, आतून पोकळ, पातळ गराचा. आपला तांबडा भोपळा म्हणजे घारग्यांचा भोपळा. गर जाड, गोड, पोकळी लहान. कोरला की जास्त ओला गर हवेला उघडा पडतो, आणि गोडव्याला मुंग्या, चिलटं, बुरशी सगळेच येतात. शिवाय ही चाल आयर्लंड-स्कॉटलंडच्या थंडीतली. तिथे मूळात सलगम कोरून त्यात दिवा ठेवत, आणि अमेरिकेत गेलेल्या लोकांनी तिथे भोपळा हाती घेतला. थंड हवेत कोरलेलं फळ आठवडाभर तग धरतं. आपल्या हवेत मी दोन दिवस धरते, त्यापुढे नाही.

त्यामुळे कोरायचं ते ३० तारखेला संध्याकाळी, किंवा त्याहून बरं, ३१ ला दुपारी मुलांसोबत. वरून झाकण कापू नका, बुडाकडून कापा, म्हणजे देठ शाबूत राहतो आणि आतलं पाणी निथळतं. गर खरवडून भिंत बोटभर जाडीची ठेवा. तंतू एकही ठेवू नका, बुरशी आधी तंतूंवर येते. मग ४ लिटर पाण्यात १ मोठा चमचा, म्हणजे १५ मिली, साधं बिनवासाचं ब्लीच घालून त्या पाण्याने आतून-बाहेरून धुवा, उलटा ठेवून पूर्ण सुकवा, आणि कापलेल्या कडांना व्हॅसलीनचा पातळ हात द्या. ब्लीचमध्ये व्हिनेगर किंवा फरशी धुवायचं आम्ल चुकूनही मिसळू नका, विषारी वायू होतो. असा धुतलेला भोपळा नंतर गुराढोरांना घालायचा नाही.

आत पणती ठेवली की छत भाजतं आणि तासाभरात चेहरा खाली बसतो. बॅटरीचा छोटा दिवा ठेवा. झावळ्या आणि काथ्या जवळ असताना उघडी ज्योत मला एरवीही नको वाटते.

आमच्या घरी बाई अख्खा भोपळा किंवा कोहळा पहिल्यांदा कापत नाही, आधी घरातल्या पुरुषाने सुरी लावायची अशी रीत आहे. बऱ्याच घरांत ती असते. कोरायचा कार्यक्रम ठेवाल तेव्हा घरातल्या मोठ्यांना आधी विचारून घ्या. आमच्याकडे पुतण्या पहिली चीर देतो, मग सगळी मुलं बसतात, आणि सासूबाईही पाटावर येऊन बसतात.

कोरायचा नसेल तर रंगवा. न कापलेल्या, कोरड्या भोपळ्यावर गेरू आणि चुन्याने काढलेला चेहरा तीन आठवडे राहतो. चुन्याचे भुताळी पांढरे डोळे केशरी सालीवर फार उठून दिसतात. मुलांच्या हाती मात्र ओला चुना देऊ नका, डोळ्यात गेला तर इजा होते. नारळाच्या करवंटीला तर निसर्गानेच तीन डोळे दिलेत, आणि ती कुजत नाही. आणि कारीट विसरू नका. नरक चतुर्दशीला तुळशीपुढे डाव्या पायाच्या अंगठ्याने फोडतो ते, भोपळ्याच्याच कुळातलं. २०२४ साली नरक चतुर्दशी आणि हॅलोवीन एकाच दिवशी, ३१ ऑक्टोबरला आले होते. सकाळी आम्ही कारीट फोडलं आणि उरलेल्या कारिटांची माळ करून संध्याकाळी दाराला लावली. ती माळ बघून पाहुण्यांची मुलं तासभर प्रश्न विचारत होती.

रोपं का मान टाकतात

रोपांच्या तक्रारी मुख्यतः तीन.

क्रोटनची पानं गळतात. केशरी, लाल, पिवळा, जवळजवळ काळा, हॅलोवीनचे सगळे रंग क्रोटनमध्ये आहेत आणि कोकणात तो कुंपणाला वाढतो. पण भर उन्हातली कुंडी उचलून एका दिवसात अंधाऱ्या ओटीवर आणली की तो पानं टाकतो. मग आपण घाबरून जास्त पाणी घालतो आणि मुळं कुजवतो. दहा दिवस आधी अर्ध्या सावलीत आणा, जागा एकदाच ठरवा, आणि बोट घालून माती कोरडी लागल्याशिवाय पाणी देऊ नका.

घाटावरून आणलेल्या शेवंतीची खालची पानं काळी पडतात. कुंडीभोवतीची प्लॅस्टिकची पिशवी आल्या आल्या काढा, आत दमट कोंडतं. पाणी सकाळी, मुळाशी, फुलांवर नाही. निम्म्या कळ्यांनी रंग दाखवलाय अशीच कुंडी घ्या. शेवंतीला कळी धरायला रात्र मोठी आणि काळोखी लागते. रात्रभर दिव्याखाली ठेवलेली हिरवी कुंडी ३१ तारखेपर्यंत फुलणार नाही, कितीही खत घाला.

पानांच्या कडा करपतात. समुद्रापासून हाकेच्या अंतरावर असाल तर ते मीठ आहे. पावसाळ्यात वाऱ्याने आलेलं मीठ पाऊस धुऊन नेतो. ऑक्टोबरात पाऊस थांबतो, मीठ येतच राहतं आणि पानावर बसतं. दोन दिवसांआड पहाटे गोड्या पाण्याने पानं धुवा. विहिरीचं पाणी मचूळ असेल तर ते कुंडीला घालू नका. झेंडूला हा त्रास कमी, पण पानं तांबूस होऊन खाली बारीक जाळी दिसली तर लाल कोळी आहे, पानाच्या पाठीवर पाण्याचा जोरदार फवारा मारा.

जाळ्यावरून आठवलं. बाजारात कापसाची खोटी कोळिष्टकं मिळतात, ती जिवंत रोपांवर पसरू नका. ओल धरतात, आणि फुलपाखरं, मधमाश्या, कधी छोटे पक्षीही अडकतात. पोफळींच्या बागेत याच दिवसांत जायंट वुड स्पायडर या मोठ्या कोळ्याची सोनेरी जाळी दोन झाडांमध्ये ताणलेली असतात. सकाळच्या तिरप्या उन्हात एकदा मुलांना दाखवा, हात न लावता. मी दरवर्षी एक वाट त्या जाळ्यासाठी बंद ठेवते.

आणि एक कळकळीची विनंती. कळलावीची ज्वाळेसारखी फुलं, धोतऱ्याची काटेरी फळं, गुंजांच्या लाल-काळ्या बिया, हे सगळं या सजावटीत शोभेल असं वाटतं. तिन्ही जबर विषारी आहेत. जिथे मुलं खाऊ गोळा करत फिरणार आहेत तिथे यांतलं काहीही आणू नका. माझ्याकडे कुणी मागितलं तर मी देत नाही, गिऱ्हाईक गेलं तरी चालेल.

माकडांवर पक्का उपाय माझ्याजवळ नाही. वांदर आले की भोपळे नेतात. दिवसा टांगलेले भोपळे जाळीच्या पडवीत, संध्याकाळी बाहेर, एवढंच जमतं.

१ नोव्हेंबरच्या सकाळी

कोरलेले भोपळे आणि करवंट्या त्याच दिवशी उचला. पावसाचं पाणी साचलं तर आठवडा-दहा दिवसांत त्यात डेंग्यूचे डास तयार होतात. कोरलेले भोपळे माडाच्या आळ्यात खड्डा करून पुरा, उघड्यावर टाकू नका. न कापलेले, न रंगवलेले भोपळे धुऊन पुसून पुन्हा वाशाला. आमच्या घरी त्यांतल्या एकाचे घारगे त्याच दुपारी होतात.

कोरताना निघालेल्या बिया ब्लीच लागायच्या आधीच वेगळ्या काढायच्या. चोळून धुवायच्या, पाण्यावर तरंगतात त्या फेकायच्या, बुडतात त्या सुपात सावलीला वाळवायच्या. वाळल्या की राखेत घोळवून डब्यात भरून ठेवते, आणि पहिल्या पावसानंतर गोठ्यामागच्या मांडवाखाली लावते. बाजारच्या संकरित भोपळ्याचं बी तसंच फळ देईल असं नाही, म्हणून डब्यावर लिहून ठेवते: घरचा, बाजारचा.